बारावर कोणाचं नाव?

श्रोतेहो, नमस्कार.

गावात शाळेची शंभरी असो, सोसायटीची पन्नाशी असो, आठवण म्हणून घड्याळ द्यायची टूम आता खेडोपाडी पोचली आहे. चांगलीच गोष्ट. शाल-श्रीफळापेक्षा बरी. शाली माझ्याकडे एकोणीस आहेत आणि यवतमाळच्या उन्हात एकही पांघरवत नाही. असो.

तर आमच्या शाळेची शंभरी आली. वर्गणी झाली. सागवानी पाटीवर मोठं घड्याळ करून घ्यायचं ठरलं. वीज जाते-येते, म्हणून सेलवर चालणारं. मी आणि समितीची चार माणसं तालुक्याला घड्याळवाल्या चाचांकडे गेलो. अध्यक्षांनी खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "चाचा, आकडे नको. आकड्यांच्या जागी दानशुरांची नावं पाय्जे."

चाचांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला. "गुरुजी, घड्याळीत आकडे बारा, अन् तुमचे दानशूर तेरा. तेरावा कुठी बसवू?"

तिथंच भांडण लागलं. सगळ्यात मोठी रक्कम देणाऱ्याला मानाची जागा, म्हणजे बाराची. तो माणूस आमच्यातच उभा होता. चटका बसल्यासारखा मागं सरला. "माहं नाव बारावर नको! दिवसातून दोनदा लोक म्हणतीन, याचे बारा वाजले." मग सहावर? "साडेसहाले दोन्ही काटे माह्या तोंडावर येतीन." नऊवर बसायला एकजण तयार झाला, तर चाचा हसले. "नऊवर बसणारा सगळ्यात आधी दमते." आम्हाला कळेना. त्यांनी भिंतीवरचं एक मरायला टेकलेलं घड्याळ दाखवलं. सेकंदकाटा नऊपाशी नुसता तडफडत होता. सेल संपत आला की काटा तिथंच अडकतो, कारण तिथं त्याला स्वतःचं वजन उचलून वर चढायचं असतं. तोही माणूस मागं सरला.

चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी चाचा म्हणाले, "समोर आकडे राहू द्या, पोरायले वेळ दिसू द्या. नावं मागून लिहितो. सेल बदलणारा दरवर्षी वाचीन." तेराही नावं मागच्या फळीवर गेली. कोण वर, कोण खाली, यावरून परत वाद झाला. तो सांगत बसलो तर माझी वेळ संपेल.

आता करून घेणाऱ्यांसाठी कामाचं सांगतो. पाटी जाड असेल तर मशीनचा दांडा, म्हणजे ज्यावर काटे बसतात तो, लांब लागतो; पाटीची जाडी मोजून न्या. परत सांगतो, जाडी मोजून न्या. काटे मोठे पण हलके, ॲल्युमिनियमचे घ्या. आत क्वार्ट्झचा बारीक तुकडा असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि सर्किट त्यातून एक सेकंद मोजून काढतं. हा तुकडा साधारण २५ अंशांना जमवलेला असतो. आपल्याकडे ४५ अंश झाले की घड्याळ दिवसाला सेकंदभर मागं पडू शकतं. बनवणाऱ्याला शिव्या देऊ नका, रेडिओवर मिळवून घ्या.

सेलचं मात्र नीट ऐका. पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा आणि बॅटरीतला, म्हणजे टॉर्चमधला, जाडा सेलही १.५ व्होल्टचाच. दाब तोच, साठा पाचपटीच्या आसपास. चाचांनी जाड्या सेलची डबी लावून दोन वायरी डाग देऊन जोडल्या. एकच सेल, दोन नाही! दोन लावले तर दाब दुप्पट होतो आणि मशीन जातं. चार्जिंगचा सेल नको, तो बहुतेक १.२ व्होल्टचाच असतो. आणि सेल संपेपर्यंत वाट पाहू नका. जुना सेल पाझरतो, पांढरी बुरशी धरतो, पत्र्या खातो. घरोघरच्या किती बॅटऱ्या अशाच गेल्या! टिकाऊ घड्याळ म्हणजे ज्याचं मागचं झाकण शाळकरी पोराला उघडता येतं आणि ते कधी उघडायचं हे ठरलेलं असतं. बंद पडलेली घड्याळं मी सरकारी भिंतींवर इतकी पाहिली आहेत की हल्ली कचेरीत गेलो की आधी वर बघतो आणि मग किती वेळ बसावं लागेल याचा अंदाज बांधतो.

आमच्याकडे जूनअखेर शाळा उघडते, त्या दिवशी सातवीचा वर्ग सेल बदलतो आणि सेलवर खडूनं नाही, पेननं तारीख टाकतो. मी निवृत्त झालो तरी जातो. मागच्या खेपेला पोरांनी फळी उतरवली, नावं मोठ्यानं वाचली. पोरं तेरावर थांबेनात. खाली बॉलपेननं चौदावं नाव लिहिलेलं होतं. छदामही न देणाऱ्या माणसाचं. तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, अक्षर लगेच ओळखलं. नाव सांगत नाही, तो हे भाषण ऐकत असतो.

नमस्कार.