‘कंबर दुखते’ म्हणजे नेमकं कुठं?

(फॅमिली डॉक्टरांच्या मेळाव्यातील व्याख्यान, संपादित)

मित्रहो, पत्रिकेवर ‘एस.आय. जॉइंटचा जंतुसंसर्ग : निदानातील अडचणी’ असं छापलंय. एस.आय. म्हणजे सॅक्रोइलिॲक, पाठीच्या कण्याचं तळाचं हाड कमरेच्या हाडाला जिथे जुळतं तो सांधा. त्याकडे येतोच. पण आधी मला एका शब्दाबद्दल बोलायचंय, कारण पहिली अडचण तिथेच आहे असं मी कित्येक वर्षं सांगत आलोय. तो शब्द म्हणजे कंबर.

आपल्याकडे बरगड्यांखालून मांडीपर्यंत जे जे दुखतं, ती कंबर. खुबा धरला तरी कंबर, माकडहाडावर आपटलं तरी कंबर. आणि ‘कुल्ला दुखतो’ असं पुरुष डॉक्टरसमोर, सासू शेजारी बसलेली असताना, कोणती बाई म्हणेल? हसताय तुम्ही, पण तुमच्या ओपीडीत हा शब्द उच्चारणारी शेवटची बाई कोण होती, आठवून बघा. ती कंबरच म्हणते. आपणही कंबर लिहितो, कंबरेचा एक्स-रे काढतो, आणि दुखरा सांधा राहतो चार बोटं खाली.

एक पेशंट सांगतो. सिझेरियन होऊन पाच आठवडे झालेली विशीतली मुलगी. दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीतून उचलून आणलेली. बसली होती तीसुद्धा सगळा भार डाव्या बाजूवर टाकून. हे मला दिसलं होतं, पण मी पाहिलं नाही. उजवीकडे कंबर दुखते, पाय टेकवत नाही. ताप होता, तो दूध भरून आल्याचा असं घरी ठरलेलं. आणि कंबर? ‘पाठीत सुई दिली होती ना, तिनंच कंबर गेली.’ ही सुई किती निरपराध असते हे सांगता सांगता माझे केस पिकले! मी पाय सरळ उचलून पाहिला, दुखला. सायटिका म्हणालो. कंबरेचा एमआरआय केला, एक चकती जराशी सरकलेली निघाली. तशी चकती या सभागृहात काहीच न दुखणाऱ्या कितीतरी जणांत सापडेल. मला मात्र उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. गोळ्या दिल्या, घरी पाठवलं.

नऊ दिवसांनी ती परत आली. या वेळी तिची आई बोलली : ‘डॉक्टरसाहेब, ही बाळाला उजव्या कुशीवर घेऊन पाजतच नाही. तिकडं वळवलं की ओरडते.’ मी मुलीला म्हटलं, बाळ, नाव नको सांगू, एका बोटानं जागा दाखव. तिनं पाठीमागे, कुल्ल्याच्या वर जी खळी असते ना, तिच्या किंचित खाली आणि आत बोट ठेवलं. कुशीवर वळवून वरून कमरेचं हाड दाबलं, तर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ओटीपोटाचा एमआरआय केला. सांधा पाण्यानं भरलेला, दोन्हीकडची हाडं सुजलेली, पुढच्या स्नायूखाली पू. रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा पू करणारा जंतू वाढला. सीटीवर बघून सुईनं पू काढला, सहा आठवडे अँटिबायोटिक्स दिली, मुलगी चालत घरी गेली. पण मधले नऊ दिवस माझ्या खात्यावर आहेत आणि म्हणूनच मी गावोगाव हे सांगत फिरतो.

हा सांधा का लपतो? तो खोल आहे, जेमतेम हलतो, त्यामुळे गुडघ्यासारखी सूज दिसत नाही. त्याचं पुढचं आवरण पातळ असतं. पू तिकडे फुटतो आणि तिथूनच पायाकडे जाणाऱ्या नसा उतरतात. म्हणून कधी सायटिका वाटते, कधी खुबा, उजवीकडे असेल तर अपेंडिक्ससुद्धा. एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे साफ असू शकतो. एमआरआयवर मात्र काही दिवसांतच दिसतं, फक्त फोटो योग्य जागेचा हवा. नेहमीच्या कंबरेच्या एमआरआयमध्ये हा सांधा पुरता येत नाही. चिठ्ठीवर ‘एस.आय. जॉइंट पाहा’ एवढं लिहायला काय लागतं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं! म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता पळत पळत.

एक. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे कण्याचा आणि याच सांध्यांचा संधिवात, बहुधा दोन्ही बाजूंना असतो, सकाळी आखडतं, हालचालीनं मोकळं होतं. एकाच बाजूचा सांधा, ताप, सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) वाढलेला, हालचालीनं जीव जातोय, अशा वेळी जंतुसंसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत स्टिरॉइड नको आणि बायोलॉजिक्स, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी नवी इंजेक्शनं, तर नकोतच. टीबी असेल तर तो पसरेल.

दोन. टीबी इथे महिनोन्महिने सावकाश चालतो, ताप असेलच असं नाही. अंदाजानं औषध सुरू करण्याआधी सुईनं तुकडा काढा, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला) पाठवा. उपचार वर्षभर किंवा जास्त चालतात, मग निदान पक्कं नको?

तीन, ब्रुसेला, जनावरांकडून माणसाला लागणारा जंतू. शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशी, कच्चं दूध, विताना जनावराचा वार हातानं काढणं, हे विचारा. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टात हा जंतू शोधला. आपण मात्र धनगराच्या पोरालासुद्धा ‘घरी जनावरं आहेत का’ एवढं विचारत नाही. शंका असेल तर लॅबला आधी कळवा. हा जंतू नमुना हाताळणाऱ्यालाही लागतो.

आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ब्लड कल्चर घ्या. पेशंटची तब्येत फारच ढासळलेली असेल तरी बाटल्या भरायला पाचच मिनिटं लागतात. बाकीच्या स्लाइड्स राहिल्या. चहाच्या वेळी माझ्याकडे या, त्या मुलीचे दोन्ही एमआरआय शेजारी-शेजारी ठेवून दाखवतो.