केम्पची जिग

(पडद्यावर जुनं हस्तलिखित. मागे एकट्या ल्यूट या जुन्या तंतुवाद्यावर चाल.)

केम्ब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं हे पान. सहा रेघा, आणि त्यांवर सुरांऐवजी ए, बी, सी अशी अक्षरं. कोणती तार कुठे दाबायची, एवढंच ती सांगतात. पुरतं एक मिनिटही न चालणारी ही चाल म्हणजे केम्पची जिग, जिग म्हणजे उडता नाच. ल्यूटवर ती अगदी दिवाणखान्यातली वाटते. पण तिला नाव मिळालंय ते रस्त्यावर नाचलेल्या एका माणसाचं.

विल केम्प हा शेक्सपिअरच्या नाटकमंडळीतला सोंगाड्या. नाटक संपलं की रंगमंचावर नाचगाण्याचं छोटं प्रहसन व्हायचं, त्यालाही जिगच म्हणत. केम्प त्यातला उस्ताद. ग्लोब थिएटरमधली भागीदारी सोडून १६०० सालच्या फेब्रुवारीत त्याने पायात घुंगरू बांधले आणि लंडनहून नॉरिच शहराकडे निघाला. शंभर मैलांहून जास्त अंतर, सगळं नाचत!

(पावा आणि ताशासारखा छोटा ढोल.)

सोबत टॉमस स्लाय. डाव्या हातात तीनच भोकांचा पावा, उजव्या हातात ढोलाची काठी. फुंकर जोराने मारली की त्याच तीन भोकांतून वरचे सूर निघतात, म्हणून एका माणसात अख्खा वाद्यवृंद.

वाटेत सडबरी गावी एक धिप्पाड खाटीक पुढे आला. म्हणाला, बरी गावापर्यंत नाचतो तुझ्याबरोबर. अर्ध्या मैलातच त्याचा दम निघाला. शंभर पौंड दिले तरी पुढे येणार नाही म्हणाला. गर्दीतल्या एका गावरान मुलीने त्याला भेकड ठरवलं. केम्पने तिलाच घुंगरू दिले. तिने घागरा खोचला आणि लाँग मेलफर्डपर्यंत मैलभर नाचली. हे सगळं खुद्द केम्पने लिहून ठेवलंय. तो स्वतःची टिमकी वाजवण्यात मागे नव्हता, तरी इथे मात्र सगळा भाव त्या मुलीला देतो.

वाटेत बर्फाने अडवलं, मुक्काम लांबले. नाचाचे दिवस नऊच, पण प्रवास जवळपास महिनाभराचा. नॉरिचच्या महापौरांनी त्याला पाच पौंड बक्षीस दिलं, शिवाय वर्षाला चाळीस शिलिंगांचा तनखा. केम्पचे नाचाचे बूट तिथल्या गिल्डहॉलमध्ये, म्हणजे नगरसभागृहात, टांगले गेले.

(छापील पान.)

१६५१. इंग्लंडमध्ये राजा नाही, नाटकगृहांना टाळं. अशा दिवसांत जॉन प्लेफर्ड नावाचा लंडनचा प्रकाशक नाचांचं पुस्तक काढतो. वर चाल, खाली पावलांच्या सूचना. त्यात केम्पची जिग आहे. आता ती सोंगाड्याची उरलेली नाही. कुणीही जमावं, फेर धरावा.

(चाल पुन्हा. या वेळी पावा, ढोल आणि घुंगरू.)