पहिलं उत्तर: मोठ्यांच्या कोड्यांविषयी

[दृश्य: म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. गर्दी, केळ्यांचे घड, मिरच्यांचे ढीग. कॅमेरा नारळांच्या राशीपाशी थांबतो.]

एक नारळ आणि एक लिंबू, दोन्ही मिळून ५५ रुपये. नारळ लिंबापेक्षा ५० रुपयांनी महाग. तर लिंबू केवढ्याला?

उत्तर मनात आलंसुद्धा असेल. पाच रुपये.

आता पडताळून बघा. लिंबू पाचाला, नारळ त्याहून पन्नासनं महाग, म्हणजे पंचावन्नला. दोन्ही मिळून झाले साठ. दुकानदार खूश होईल, पण कोड्यात पंचावन्न सांगितलेत. लिंबू आहे अडीच रुपयांना आणि नारळ साडेबावन्नला.

यात गणित असं फारसं नाहीच. शाळेतल्या मुलालाही कागदावर करता येईल. तरीही मोठी माणसं इथं हमखास घसरतात. अमेरिकेतल्या एमआयटीचे तेव्हाचे प्राध्यापक शेन फ्रेडरिक यांनी हाच प्रश्न बॅट आणि चेंडूच्या रूपात विचारला होता. त्याच्या जोडीला याच जातीचे आणखी दोन प्रश्न होते. २००५ साली त्यांनी निष्कर्ष छापले. एकूण ३,४२८ जणांनी उत्तरं दिली होती. तिन्ही बरोबर आली फक्त १७ टक्क्यांची. साधारण एक तृतीयांश लोकांना तिन्हींपैकी एकही जमलं नाही. एमआयटीच्या विद्यार्थ्यांमध्येसुद्धा तिन्ही बरोबर सोडवणारे होते ४८ टक्के. गणितासाठी जगात नावाजलेल्या संस्थेतली निम्म्याहून अधिक मुलं कुठे ना कुठे चुकली.

त्या तिघांतला एक प्रश्न आपल्या करमळीच्या तळ्यावर नेऊ.

[दृश्य: करमळीचं तळं, सकाळ. पाण्यावर पसरलेली हिरवी पानं.]

तळ्यात पाणवनस्पती पसरतेय. रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. पूर्ण तळं झाकायला तिला ४८ दिवस लागतात. मग अर्धं तळं कितव्या दिवशी झाकलं गेलं?

चोविसाव्या, असं मनात येतंच. ते आलं की तिथंच थांबावं आणि मागून चालत यावं. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी पूर्ण, आणि रोज दुप्पट. म्हणजे अर्धं आदल्या दिवशी, सत्तेचाळिसाव्या.

दोन्ही कोड्यांची खोड एकच. उत्तर लपलेलं नाही. उलट एक चुकीचं उत्तर इतकं हाताशी ठेवलेलं आहे की ते उचलल्यावर पुढं शोधायची गरजच वाटत नाही. लहान मुलाला असं तयार उत्तर सुचत नाही, म्हणून ते बोटं मोजायला बसतं. आपण निम्मं म्हटलं की दोनानं भागतो. वर्षानुवर्षांच्या हिशेबांची सवय आहे ती, आणि एरवी ती कामाची असते.

मोठ्यांसाठीची कोडी या सवयीवरच रचलेली असतात. निदान चांगली कोडी तरी. मोबाइलवर फिरणारी बरीचशी या पंगतीत बसत नाहीत. कंसात बेरीज, बाहेर भागाकार, आणि वर लिहिलेलं, ‘फक्त एक टक्का लोकांना जमेल’. तिथं लिहिणाऱ्यानं मुद्दाम मोघम मांडणी केलेली असते. दोन्ही बाजू आपापल्या परीनं बरोबर असतात आणि कुटुंबाच्या ग्रुपवर आठवडाभर धुसफूस चालते. ते कोडं नव्हे, भांडण लावायची युक्ती आहे. आणि तो एक टक्का मोजला कुणी, हे काही कुणी सांगत नाही.

[दृश्य: डिचोली तालुक्यातलं जुनं घर. चवथीचे दिवस. गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली चौकट, बांधलेली. सोप्यावर सगळ्या वयांची माणसं बसलीत.]

गोव्यात कोडं घालतात त्याला हुमाण म्हणायची रीत आहे. चवथीला मुंबई-पुण्याची मंडळी घरी येतात, आरत्या आटोपतात, आणि सोप्यावर कुणीतरी सुरू करतं.

सूपभर लाह्या, मधे एक रुपया.

बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे.

एवढंसं कार्टं, घर कसं राखतं.

चांदण्या आणि चंद्र. दात आणि जीभ. कुलूप. ही उत्तरं सोडवून काढलेली क्वचितच असतात, बहुधा ती कधीतरी ऐकलेलीच असतात. सोप्यावरच्या दहा जणांपैकी आठांना ती पाठ असतात. मजा आहे ती उरलेल्या दोघांची तारांबळ बघण्यात.

पण एकदा, अगदी पहिल्यांदा, कुणीतरी रात्रीच्या आभाळाकडे बघितलं आणि त्याला सूप दिसलं. हे सुचायला रोज सूप हातात धरलेलं असावं लागतं. ज्याच्या घरी लाह्या पाकिटातून येतात त्याला हे हुमाण कळतं, पण सुटत नाही. जुन्या कोड्यांत वस्तूवर दुसऱ्या वस्तूचं सोंग चढवलेलं असतं, आणि दोन्ही वस्तू ओळखीच्या असल्या तरच ते सोंग उतरवता येतं.

मुलं झोपल्यावर बायकांच्या घोळक्यात निघतात ती हुमाणं निराळीच. ऐकणाऱ्याचे कान लाल व्हावेत असं वर्णन, आणि उत्तर निघतं मुसळ, नाहीतर ताकाची रवी. नवी सून लाजून गप्प बसते आणि म्हाताऱ्या तिलाच दटावतात, तुझ्याच मनात भलतं आलं, आम्ही तर रवीविषयी बोलत होतो. नारळ-लिंबाच्या कोड्याची ही सख्खी बहीण. इथंही सगळा डाव पहिल्या उत्तरावरच आहे. फरक इतकाच की इथलं पहिलं उत्तर मोठ्यानं बोलता येत नाही.

माणूस ओळखीच्या गोष्टीत इतका हुशार आणि अनोळखी मांडणीत इतका गोंधळलेला का असतो? इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली मांडलेलं एक कोडं इथं उपयोगी पडतं. कागद-पेन्सिल घ्या.

[पडद्यावर चार कार्डं: अ, क, ४, ७.]

प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा सांगितलाय: एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम अंक असलाच पाहिजे. हा नियम पाळला गेलाय की नाही हे तपासायला कोणकोणती कार्डं उलटावी लागतील? जेवढी लागतील तेवढीच. एकही जास्त नको.

व्हिडिओ थांबवा हवं तर.

बहुतेक जण म्हणतात, अ आणि ४. अ बरोबर आहे. चाराच्या मागे मात्र काहीही असलं तरी बिघडत नाही. मागे स्वर निघाला तर छान, व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनामागे सम अंक चालणार नाही असं कुणी म्हटलेलंच नाही. उलटायला हवं ते ७. सातामागे स्वर निघाला तर नियम जागच्या जागी मोडला. वेसन यांच्या प्रयोगात हे दहातल्या एकालाही धड जमत नव्हतं.

आता दुसरं कोडं.

[दृश्य: गावातलं तावेर्न, दुपार. लाकडी बाकं, फळीवर फेणीच्या बाटल्या, भिंतीवर कॅलेंडर.]

तुम्ही तपासणीला आलेले अधिकारी आहात. नियम: दारू पिणारा २१ वर्षांच्या वरचा हवा. चार गिऱ्हाइकं बसलीत. एकाच्या हातात फेणी, वय माहीत नाही. एकाच्या हातात कोकम सरबत, वय माहीत नाही. एक पस्तिशीचा, पेला झाकलेला. एक सतरा वर्षांचा, त्याचाही पेला झाकलेला. कुणाकुणाला उठवाल?

विचारसुद्धा करावा लागला नाही ना? फेणीवाल्याचं वय बघायचं आणि सतरा वर्षांच्या पोराचा पेला. सरबत पिणाऱ्याचं वय विचारत बसलात तर तावेर्नवाला हसेल.

आता ही चार माणसं त्या चार कार्डांच्या शेजारी ठेवा. फेणी म्हणजे अ. सरबत म्हणजे क. पस्तिशीचा म्हणजे ४. आणि सतरा वर्षांचा पोरगा म्हणजे ते ७, जे कुणीच उलटलं नव्हतं. कोडं तेच आहे, नुसते कपडे बदललेत.

रिचर्ड ग्रिग्स आणि जेम्स कॉक्स या दोघांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात हे करून पाहिलं. तिथं बिअर होती आणि वयाची अट १९ वर्षांची. ४० विद्यार्थ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश मुलांनी बिअरचं कोडं बिनचूक सोडवलं. अक्षर-अंकांची कार्डं त्यांतल्या एकालाही जमली नाहीत.

याचं नेमकं कारण काय यावर अभ्यासकांचे अजूनही वाद आहेत. कुणी म्हणतं ओळखीचा प्रसंग असला की डोकं चालतं. कुणी म्हणतं, नियम मोडणारा चोर पकडण्यात माणूस मुळातच तरबेज असतो. मला दुसरं जास्त पटतं. तावेर्नमध्ये आपण नियम खरा आहे का हे शोधतच नाही, कोण लबाडी करतोय हे शोधतो. त्या कामात गावातला कुठलाही माणूस पदवीशिवाय पारंगत असतो.

ही युक्ती आपल्या जुन्या गणितींना माहीत होती म्हणावं की काय! भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली, त्यात कोरडी आकडेमोड घालता आली असती. त्यांनी भुंगे घातले.

[दृश्य: पावसाळ्याच्या सुरुवातीचं रान. कुड्याची पांढरी फुलं.]

भुंग्यांचा थवा. त्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला. तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर. या दोन हिश्शांमधल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर. एक भुंगा उरला, तो केतकी आणि मालती दोघींच्या वासानं वेडा होऊन हवेत इकडून तिकडे घिरट्या घालतोय. तर थवा केवढा?

(कदंब म्हटल्यावर गोव्यात आधी त्या नावाची सरकारी बस डोळ्यांसमोर येते. इथं झाड अभिप्रेत आहे.)

पंधरा. तीन कदंबावर, पाच शिलींध्रावर, फरक दोनाचा म्हणून सहा कुड्यावर, आणि एक तो बिचारा. समीकरण न मांडताही सुटतं. थव्याचा पाचवा आणि तिसरा हिस्सा पुरा निघायला हवा, भुंगा काही अर्धा होत नाही. मग सगळ्यांत आधी पंधराच आजमावून बघायचा.

[दृश्य: रायबंदरचा धक्का. फेरीबोट काठाला लागते, फळी खाली येते, दुचाक्या भराभर बाहेर पडतात.]

होडीतून वाघ, शेळी आणि गवताचा भारा पलीकडे न्यायचं कोडं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. शेळी एकदा परत आणावी लागते, ती मेख. मांडवीच्या फेरीबोटींवर याहून चांगलं कोडं बसतं.

१७३५ साली लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञापुढे प्रश्न आला होता तो कोनिग्सबर्ग शहराचा. ते शहर आज रशियात आहे आणि कॅलिनिनग्राड म्हणून ओळखलं जातं. नदी, तिच्यात दोन बेटं, सात पूल. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल होतील असं फिरता येईल का? लोक फिरून फिरून दमले होते. ऑयलरनं वाटा शोधल्याच नाहीत. त्यानं प्रत्येक जमिनीला किती पूल लागतात तेवढं मोजलं. एखाद्या जागेत तुम्ही शिरलात की बाहेर पडावं लागतं, म्हणजे पूल जोडीजोडीनं वापरले जातात. पुलांची संख्या विषम असेल, तर ती जागा एकतर सुरुवातीची हवी किंवा शेवटची. अशा विषम जागा दोनपेक्षा जास्त असल्या की खेळ संपला. कोनिग्सबर्गमध्ये चारही जागा विषम होत्या.

आता आपला नकाशा. मांडवीचा दक्षिण काठ, उत्तर काठ, आणि मधे दिवाडी आणि चोडण ही दोन बेटं. काठाकाठानं रस्त्यावरून हवं तेवढं फिरा. मोठे पूल विसरा, खेळापुरते इतकेच मार्ग धरू. जुने गोवे ते दिवाडी फेरी. रायबंदर ते दिवाडी फेरी. दिवाडी ते नार्वे फेरी. रायबंदर ते चोडण फेरी. आणि चोडणहून मयेकडे जाणारा पूल.

नार्व्याला उतरलात तर सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्या. मूळचा देव दिवाडीचा, आणि नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला.

पाच मार्ग. प्रत्येक एकदाच वापरायचा. जमेल?

[पडद्यावर नकाशा. जमिनींवर आकडे उमटतात: ३, ३, २, २.]

दक्षिण काठाला तीन मार्ग लागतात, दिवाडीला तीन, चोडणला दोन, उत्तर काठाला दोन. विषम जागा दोनच, तेव्हा जमतं. मात्र सुरुवात दक्षिण काठावर किंवा दिवाडीवर करावी लागेल. चोडणच्या माणसानं घरून निघायचं ठरवलं तर कितीही खटपट केली तरी एखादी फेरी राहूनच जाणार.

सहावा मार्ग घालू, चोडण ते पोंबुर्फा फेरी. पोंबुर्फा उत्तर काठावर. आता चारही जागांना तीन-तीन मार्ग झाले, आणि मांडवीवर कोनिग्सबर्ग उभं राहिलं. कुठूनही निघा, जमणार नाही.

आणखी एक घालू, सातवा. पणजी ते बेती फेरी, दक्षिण काठावरून उत्तर काठावर. आता मार्ग झाले सात, कोनिग्सबर्गच्या पुलांइतकेच. जमेल का? आणि जमत असेल, तर पहाटे पहिली फेरी कुठल्या जागेवरून धरायची आणि दुपारच्या जेवणाला कुठं पोचायचं?

नकाशा पडद्यावर ठेवतो. उत्तर सांगत नाही.

[नकाशा. सात मार्ग ठळक. फेरीबोटीच्या इंजिनाचा आवाज.]