कोरड्या पुडीतला निळा

(दृश्य: काचेच्या वाटीत अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगाची कोरडी पूड. कॅमेरा अगदी जवळ.)

निळा रंग सर्वांत प्रखर दिसतो तो असा. कोरडा, अजून कशातही न कालवलेला. आता यात जवसाचं तेल घालून घोटू या. बघा, लगेच गडद झाला, काळपटपणाकडे झुकला. कोरड्या पुडीत कणांभोवती हवा असते, त्यामुळे प्रकाश कणाकणावर आदळून विखुरतो आणि निळा होऊन बाहेर येतो. हवेची जागा तेलानं घेतली की तोच प्रकाश खोल शिरतो आणि बराचसा आतच जिरतो.

शतकानुशतकं हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून होत असे, आणि तो फार महाग होता. १८२८ साली झाँ-बातिस्त गिमे यांना कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी फ्रान्समध्ये पारितोषिक मिळालं. रंग स्वस्त झाला. तेलात मात्र तो तसाच मंदावत राहिला.

हे मंदावणं इव्ह क्लाइन या फ्रेंच चित्रकाराला सहन होत नव्हतं. पॅरिसमधले रंगविक्रेते एदुआर आदाम यांच्या मदतीनं त्यानं एक कृत्रिम राळ निवडली. ती कणांना धरून ठेवते, पण त्यांचं तेज झाकत नाही. १९५७ च्या जानेवारीत मिलानमध्ये त्यानं एकाच मापाची, निव्वळ निळी अशी ११ चित्रं मांडली. १९६० च्या मे महिन्यात रंगाची कृती फ्रान्समध्ये अधिकृतपणे नोंदवली.

(दृश्य: गेल्सेनकिर्शन, जर्मनी. नाट्यगृहाचं दालन.)

माझ्या मते क्लाइनचं सर्वांत मोठं धाडस इथे आहे. १९५९ मध्ये पूर्ण झालेल्या या नाट्यगृहाच्या दालनात त्याचे अवाढव्य निळे फलक आहेत, काहींवर स्पंज चिकटवलेले. इथे चित्र भिंतीवर टांगलेलं नाही. भिंतच चित्र झाली आहे, आणि माणसं त्या निळाईतून ये-जा करतात.

मोरोक्कोतल्या मराकेश शहरात चित्रकार जाक माजोरेल यानं १९३७ साली आपली वास्तू गडद निळी रंगवली. तिथे निळ्याला जोर चढतो तो शेजारच्या हिरव्या झाडांमुळे आणि पिवळ्या कुंड्यांमुळे.

(दृश्य: रिकामी खोली, एक निळी भिंत. संध्याकाळ.)

घरात हा रंग लावायचा तर चकाकी नसलेला, मॅटच घ्यावा. चकचकीत भिंतीवर खिडकीचं प्रतिबिंब उमटतं आणि रंग मागे पडतो. मॅटवर हाताचे डाग पडतात हे खरं. म्हणून ये-जा कमी असलेली भिंत निवडावी. आणि उजेड! २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यात निळा अंश मुळातच कमी, त्यामुळे दुपारी झळाळणारी भिंत रात्री मलूल दिसते. तिन्हीसांजेला, दिवे लागण्यापूर्वी, उलटं होतं. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना तांबडा काळवंडलेला दिसतो, निळा त्यामानानं उजळ. डब्यावरच्या चिमुकल्या नमुन्यावर विसंबू नका. मोठा पुठ्ठा रंगवून त्याच भिंतीला टेकवा, दिवसा आणि रात्री पाहा.

रंगात अल्ट्रामरीन असेल, तर भिंत पुसताना व्हिनेगर किंवा लिंबू वापरू नये. आम्लानं हा निळा फिका पडतो.