बर्फ, बादली आणि सात पिशव्या

[बादलीत बर्फ ओतला जातोय]

व्हँकुव्हरजवळचं हे एक गॅरेज. बाहेर थंडी आहे, तरी हा गृहस्थ बादलीत बर्फ ओततोच आहे. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून सज्ञान माणसाला गांजा बाळगता येतो, आणि ब्रिटिश कोलंबियात घरामागे चार झाडंही लावता येतात. ती झाडं गेल्या महिन्यात कापून झाली. आता उरलाय तो बारीक पाला, खरं तर टाकून द्यायचा माल. त्यातलीच राळ, म्हणजे चरस, तो बर्फाच्या पाण्याने वेगळी काढणार आहे.

[पाल्याचा क्लोज-अप, भिंगाखालून]

या पाल्यावर हे जे चकचकतंय ना, ते दव नाही. देठावर काचेच्या गोळीसारखं डोकं, अशा असंख्य ग्रंथी आहेत. त्यांना ट्रायकोम म्हणतात. नशेचं द्रव्य आणि वास, दोन्ही या डोक्यांत. एकेक डोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. थंडीत ती ठिसूळ होतात आणि ढवळलं की देठापासून तुटतात. त्यातली राळ पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा जड असते, म्हणून तळाशी बसते. पाला मात्र वर तरंगतो. सगळी युक्ती एवढीच.

[पिशव्या एकात एक बसवतोय]

पिशव्या बघा. बाजूंना कापड, तळाला जाळी. सर्वांत जाड जाळी 220 मायक्रॉनची, सर्वांत बारीक 25 ची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरची जाळी पाला अडवते, खालच्या जाळ्या ग्रंथींची आकारानुसार विभागणी करतात. आपल्या वैद्यांची चूर्णं वस्त्रगाळ होतात, तोच प्रकार, फक्त ओला.

[मिला यान्सेन यांची जुनी छायाचित्रं]

हे तंत्र घराघरांत पोचलं ते एका बाईमुळे. मिला यान्सेन, जन्म 1944. साठच्या दशकाच्या अखेरीस त्या ॲमस्टरडॅमहून निघाल्या आणि पुढची कैक वर्षं भारतात राहिल्या. हिमाचलात चरस हातावर चोळून काढतात, ते त्यांनी जवळून पाहिलं. 1988 मध्ये चार मुलांना घेऊन परतल्या. तिथे हाताने चाळण्याचं काम करताना त्यांची नजर कपडे वाळवायच्या फिरत्या यंत्रावर गेली, आणि 1994 मध्ये ‘पॉलिनेटर’ नावाचं फिरतं चाळण बाजारात आलं. दशक संपता संपता बर्फ आणि पाण्यावर चालणाऱ्या पिशव्या, म्हणजे ‘आइस-ओ-लेटर’. पाण्याची कल्पना एकट्या त्यांचीच नव्हती, तिच्यावर इतरांचेही दावे आहेत. पण ती वस्तू म्हणून लोकांच्या हाती दिली ती त्यांनी. इतिहासात बाईचं नाव नेहमीच्या सवयीने मागे पडतं, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबलो.

[गॅरेज. पहिली पिशवी उचलली जाते, हिरवा फेस निथळतो]

आता हे बघा. पाणी निथळू द्यायचं, पिळायचं नाही. पिळलं की हिरवा चोथाही जाळीतून उतरतो आणि राळ काळवंडते. घाई करणाऱ्याची हीच पहिली फजिती.

[तळाची पिशवी उलटली जाते]

सगळ्या मेहनतीचं फळ चमचाभर. भिजवलेल्या रव्यासारखी, फिकट पिवळी, ओली राळ.

या सगळ्यात ना ब्युटेन, म्हणजे लायटरमधला वायू, ना कसलं द्रावक. ब्युटेन वापरून राळ काढताना घरंच्या घरं पेटली आहेत, माणसं भाजली आहेत. म्हणून कॅनडाचा कायदा घरात ब्युटेनसारखी सेंद्रिय द्रावकं वापरायला मनाई करतो. बर्फ-पाण्याला ती मनाई लागू होत नाही.

[नकाशा: भारत]

भारतात मात्र 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली चरस बनवणं, बाळगणं, विकणं, सगळंच गुन्हा आहे. एक किलोहून जास्त सापडला तर किमान दहा वर्षं तुरुंग. कायदेशीर असो वा नसो, तीव्र राळ कोवळ्या मेंदूला झेपत नाही, हेही खरं.

[चमचा, कागद, राळ पसरवणारे हात]

राळ बारीक करून पातळ पसरायची. ओल आत राहिली तर बुरशी धरते, आणि ती वरून दिसेलच असं नाही. काही जण त्यासाठी महागडं फ्रीज-ड्रायर, म्हणजे गोठवून सुकवणारं यंत्र, घेतात. या गृहस्थाने पुठ्ठा, गार हवा आणि संयम यांवरच भागवलं.

[बाटल्यांवर पट्ट्या चिकटवतोय]

90 मायक्रॉनची वेगळी, 73 ची वेगळी. कुठली कुठल्या जाळीतून आली ते पट्टीवर लिहून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी याच झाडाचं बी परत लावायचं की नाही, ते त्यावर ठरतं.