पाण्याच्या दोन पातळ्या

[दृश्य: चित्राचा वरचा भाग. कॅमेरा हळूहळू खाली येतो.]

मागे जोतिबाचा डोंगर. अलीकडे ऊस, नुकते तुरे फुटलेला. उजवीकडे गुऱ्हाळघराचा धूर, थंडीमुळे फारसा वर न चढता शिवारावरच पसरलेला. आणि या काठापासून त्या काठापर्यंत पंचगंगेवरचा दगडी बंधारा. हाफ इंपिरियल आकाराच्या, म्हणजे साधारण दोन हातांत मावेल एवढ्या कागदावर जलरंगात केलेलं हे निसर्गचित्र आहे.

ते काढणारे गृहस्थ पाटबंधारे खात्यात अभियंता होते. घरचे त्यांना अण्णा म्हणत, आपणही अण्णाच म्हणू. नोकरीची सगळी वर्षं कालवे आणि बंधाऱ्यांच्या कामांवर गेली. खात्याच्या जीपमध्ये डंपी लेव्हलच्या, म्हणजे जमिनीची पातळी मोजायच्या यंत्राच्या पेटीशेजारी रंगांची पेटी ठरलेली असायची.

[दृश्य: बंधाऱ्याच्या दोन्ही बाजूंचं पाणी, जवळून.]

आता फक्त पाणी बघा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदी काठोकाठ भरलीय. तिथं अण्णांनी एकच सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर दिलाय, करडा-हिरवा, आणि त्यात डोंगराचं प्रतिबिंब अख्खं उतरलंय. खालच्या अंगाला तीच नदी उथळ झालीय. खडक उघडे पडलेत. तिथला ब्रश जवळजवळ कोरडा आहे, आणि कागदाचा पांढरा खरखरीतपणा तसाच ठेवल्यामुळे पाणी खळखळताना दिसतं. एका नदीच्या दोन पातळ्या, मध्ये काही फुटांचा फरक. हा फरक इतका नेमका रंगवलेला मी दुसऱ्या कुठल्या निसर्गचित्रात पाहिलेला नाही.

हा बंधारा अण्णांना आतून माहीत होता. याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, खात्याच्या कागदावर ‘को. प. बंधारा’. नदीत ओळीनं दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि त्या खाचांत एकावर एक सरकवलेले बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. जुन्या पद्धतीत बरग्यांच्या दोन ओळी असत आणि मधल्या जागेत चिकणमाती ठासून भरत. पावसाळा सरला, नदी ओसरू लागली की बरगे घालायचे. पाणी पात्रातल्या पात्रातच अडतं, कुणाचं शेत बुडत नाही. मग काठावरच्या मोटारी सुरू होतात आणि पाणी उसाला जातं. पुढचा पावसाळा यायच्या आत बरगे काढायचे, म्हणजे पूर खांबांमधून आणि खांबांवरून निघून जातो आणि गाळही सोबत घेऊन जातो. आज महाराष्ट्रात कितीतरी नद्यांवर असे बंधारे आहेत. नाव मात्र आपल्या कोल्हापूरचं.

[दृश्य: तिसऱ्या आणि चौथ्या खांबामधला भाग.]

इथं थांबा. या दोन खांबांमध्ये बरग्यांवरून एक बारीक, ओली, काळपट रेघ खाली आलीय. ती गळती आहे. माती नीट ठासली गेली नसेल तर अशीच पाझरते. चित्र सुंदर करायचं म्हणून दुसऱ्या कुणी ती वगळली असती. अण्णांनी ती रंगवली, आणि माझ्या मते पूर्ण चित्रात यापेक्षा जिवंत रेघ नाही. खांबांचा काळा पाषाणही बघण्यासारखा आहे. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळला की करडा रंग तयार होतो, आणि निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात. दगडाचा खडबडीतपणा त्या कणांनीच आणलाय.

सगळंच असं साधलेलं नाही. वैरणीचे भारे घेऊन बंधाऱ्यावरून चाललेल्या दोघी बायका लेव्हलिंगच्या स्टाफसारख्या, म्हणजे पातळी मोजायच्या उभ्या पट्टीसारख्या ताठ आहेत. आभाळही घाईत उरकलंय.

कोल्हापुरात पाणी रंगवायचं म्हटलं की आधी आबालाल रहिमान आठवतात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते परत आले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले, आणि रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी, पंचगंगेचा काठ हीच त्यांची चित्रशाळा झाली. १९३१ साली ते गेले. त्यांच्या पाण्यात आधी प्रकाश दिसतो. अण्णांच्या पाण्यात आधी वजन दिसतं, अडवलेल्या पाण्याचं वजन. ती चित्रं बघतच अण्णा मोठे झाले, पण त्यांनी नक्कल केली नाही.

आणि अभियंत्यानं ब्रश धरला याचं या गावाला नवल वाटू नये. बाबूराव पेंटर मेस्त्रींच्या घरातले. पडदे रंगवायचे, मूर्ती घडवायच्या, आणि सिनेमाचा कॅमेरा मिळत नाही म्हटल्यावर तोही त्यांनी इथंच तयार केला. त्यातूनच १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट आला. यंत्र आणि रंग एकाच कारागिराच्या हातात असणं ही इथली जुनी रीत आहे.

[दृश्य: राजाराम बंधारा, पावसाळ्यातलं गढूळ पाणी.]

पातळी वाचायला तर इथं सगळेच शिकलेत. जुलै लागला की घरोघरी पंचगंगेची एकच चौकशी: राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं आणि कितीतरी घरं सामान गोळा करून नातेवाइकांकडे गेली. अशा गावात पाण्याच्या पातळीचं चित्र काढणारा माणूस आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं काढत होता.

[दृश्य: टाऊन हॉल, कोल्हापूर संग्रहालय.]

आबालाल यांची चित्रं टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. सकाळी ती बघा. मग मार्गशीर्षात, बरगे घातलेले असताना, दुपार कलल्यावर कसबा बावड्याला राजाराम बंधाऱ्यावर जा. आधी वरच्या अंगाचं पाणी बघा, मग वळून खालच्या अंगाचं. चित्र काढत असाल तर रंग सोबत न्या.