कोठे लिखेल शे का?

(खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या जुन्या खेळाडूंच्या मानफलकाचं अनावरण होण्याआधी निवृत्त क्रीडाशिक्षकांनी केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून संपादित. कानबाई ही खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात ती देवी, रोट हा तिचा नैवेद्य.)

काल सकाळी आपण कानबाईला नदीवर पोचवून आलो आणि आज इथे शाळेच्या पटांगणात बसलो आहोत. हा दिवस मुद्दाम निवडला. दिवाळीला ज्याला रजा मिळत नाही तो माणूसही कानबाईच्या रोटांना गावी येतोच. सुरतेहून येतो, पुण्याहून येतो, नाशिकच्या कारखान्यांमधून येतो. समोर बघतो तर माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली कबड्डीची जवळजवळ अख्खी फळी एका रांगेत बसली आहे. कोपरारक्षक अजून कोपऱ्यातच बसलाय. बरं वाटलं.

माझ्या मागे भिंतीवर कापड टाकलेला फलक आहे. त्याखाली एकतीस नावं आहेत. ती कुणाची, हे मुख्याध्यापक सांगतील. मला बोलायचं आहे ते ही एकतीस नावं सापडली कशी, आणि जी सापडली नाहीत ती का सापडली नाहीत, याबद्दल.

अशा फलकाला हल्ली ‘हॉल ऑफ फेम’ म्हणतात. कल्पना अमेरिकेतली. तिथे बेसबॉलचं कूपर्सटाऊनचं दालन सगळ्यांत नावाजलेलं. १९३६ साली पहिल्या पाच खेळाडूंची निवड झाली आणि १९३९ साली दालन उघडलं. त्यांचा एक नियम मला फार पटतो. खेळाडू निवृत्त झाल्यावर पाच वर्षं त्याच्या नावाचा विचारच करायचा नाही. टाळ्यांचा आवाज विरू द्यायचा, मग शांतपणे हिशेब बघायचा. पुढे हीच रीत तिथल्या हायस्कुलांनी उचलली. व्यायामशाळेबाहेरच्या भिंतीवर जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो, खाली वर्ष, खेळ आणि केलेली कामगिरी. नवी पोरं रोज त्या भिंतीपुढून सरावाला जातात.

जेसी ओवेन्सचं नाव तुम्ही ऐकलंय. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं. पण मला त्याची गोष्ट त्याच्या शाळेपासून सांगायला आवडते. घरची गरिबी, शाळा सुटली की हा काम करायचा, मग सराव कधी करणार? त्याचे शाळेतले प्रशिक्षक चार्ल्स रायली म्हणाले, शाळा भरायच्या आधी ये. ते स्वतः पहाटे मैदानावर हजर राहायचे. १९३३ साली हायस्कूलचा विद्यार्थी असतानाच ओवेन्सनं १०० यार्ड ९.४ सेकंदांत काढले, म्हणजे तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. तो आकडा आज मी इथे, तापीच्या खोऱ्यात, तुम्हाला सांगू शकतो. का? तर त्या दिवशी कुणीतरी घड्याळ बघितलं आणि कागदावर लिहून ठेवलं.

त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं आपली कबड्डी जगाला दाखवली होती. त्या पथकातल्या किती जणांची नावं आपल्यातल्या कुणाला सांगता येतील? मलाही येत नाहीत. आणि मी आयुष्यभर कबड्डी शिकवली.

रायलींची गोष्ट वाचली तेव्हा मला आपली पोरं आठवली. कापूस फुटला की आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ शेताची. दिवाळीनंतर पोरं वेचणीला जायची, पोरी तर हमखास. मग आम्ही सहाला मैदानावर. शिपाईदादा आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवायचे, कारण आपली काळी जमीन उन्हाळ्यात एवढी भेगाळते की पाय मुरगळलाच म्हणून समजा. हिवाळ्यात फक्कीच्या रेघा धुक्यात दिसायच्या नाहीत, तर दादा हातात कंदील घेऊन रेघेवर उभे राहायचे. फलकाची समिती बसली तेव्हा मी पहिलं नाव त्यांचं सुचवलं. ते कधी कुठली स्पर्धा खेळले नाहीत. तरी त्यांचं नाव फलकावर आहे. त्यावर वाद झाला, आणि तो मी जिंकलो, हे अभिमानानं सांगतो.

आता मूळ गोष्टीवर येतो. जरा वेळ लागेल, पण ती नीट सांगायला हवी.

१९९६ साल. पावसाळ्यातल्या शालेय स्पर्धा, खो-खो, सतरा वर्षांखालील मुली, जिल्ह्याचा अंतिम सामना. आपल्या संघात नववीतली एक मुलगी होती. सडपातळ, बोलायला लाजरी, वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. खो-खोत संरक्षक तीन-तीनच्या तुकडीनं उतरतात. तिच्या तुकडीतल्या दोघी पहिल्याच मिनिटात बाद झाल्या. मैदानात ही एकटी उरली. समोर नऊ जणी, त्यातली एक मागावर, बाकीच्या आठ चौकात बसलेल्या. ही खांबापाशी जाई, मागावरची झेपावली की आतून वळसा घेई आणि साखळीतून निघून जाई. तिला पाय आपटताना मी पाहिलं नाही. मांजरासारखी पळायची. मी बाजूला स्टॉपवॉच धरून उभा. दोन मिनिटं झाली, तीन झाली. समोरच्या संघाचे पालकसुद्धा ओरडायचे थांबून बघायला लागले. चार मिनिटं वीस सेकंद. मग सूर मारून एकीनं तिला टिपलं. सामना आपण थोडक्यात हरलो.

सोमवारी मी शाळेच्या क्रीडा नोंदवहीत काय लिहिलं? ‘खो-खो, मुली, जिल्हास्तर, उपविजयी.’ एवढंच. बाराजणींची नावंसुद्धा नाहीत. गुणपत्रक आयोजकांकडे राहिलं. घाई होती, दुसऱ्या दिवशी मुलांचे सामने होते, ही सगळी कारणं खरी आहेत. पण वही माझ्या ताब्यात होती, पेन माझ्या हातात होता आणि घड्याळही माझंच होतं.

दहावीनंतर दोन वर्षांत तिचं लग्न झालं. मी लग्नाला गेलो, जेवलो, आहेर केला. तिला अजून दोन-तीन वर्षं खेळू द्या, एवढं सांगायला त्याआधी घरी गेलो नाही. गेलो असतो तर ऐकलं असतं की नाही, माहीत नाही. पण गेलो नाही.

२०१४ साली तिची मुलगी आपल्या शाळेत नववीत आली. वर्गात पोरगी म्हणाली, माझी आई खो-खोत लई पळायची. पोरं हसली. आईंच्या गोष्टींना पोरं हसतातच. ती रडवेली होऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा, म्हणजे आपल्या खेळाडूचे वडील, शाळेत आले. डोक्यावर टोपी, हातात पिशवी. मला म्हणाले, “मन्ही पोर भारी खेये, हाई माले ठाऊक शे. पन कोठे लिखेल शे का, सर?”

कुठे लिहिलेलं आहे का.

मी कपाट उघडलं. १९९६ची वही काढली. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, पण ते पान शाबूत होतं. ‘उपविजयी.’ मी ती ओळ त्यांना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, इच्यामा तिन्हं नाव कथं शे? मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

तेव्हापासून मी एक काम हाती घेतलं. जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जायचं, पेटीतली प्रमाणपत्रं, फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं बघायची आणि नवी वही भरायची. निवृत्त झाल्यावरही चालू ठेवलं. या फलकावरची बहुतेक नावं त्या वहीतून आली आहेत.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर गेलो तेव्हा आणखी एक चूक सापडली. वसतिगृहातली ती पोरं मुरमावर अनवाणी पळायची आणि लांब पल्ल्यात आपल्या सगळ्यांना मागे टाकायची. वहीत नोंद काय? नुसतं आडनाव. ‘पावरा, इ. ९वी, प्रथम.’ एका वर्गात पावरा चौघे, वसावे तिघे, पाडवी दोघे. पहिला कोण आला? एका पाड्यावर दोन भावांनी मला सांगितलं की ती शर्यत आपण जिंकली. दोघंही खरं बोलत असणार, वर्षं वेगळी असतील. पण आपल्या वहीवरून ते ठरत नाही. समितीनं मग दोघांचीही नावं लावली, आणि मला तोच न्याय वाटला.

समितीत एक मत असं होतं की राज्य पातळीवर खेळला त्याचंच नाव घ्यावं. मी विरोध केला. आपल्या गावातून विभागीय स्पर्धेला नाशिकला जायचं म्हणजे एकेकाळी रात्रभराचा एसटीचा प्रवास, सोबत भाकरी-चटणी, आणि तिथे पोचून सकाळी थेट मैदानावर. त्या पोरांनी कुठल्या पातळीपर्यंत मजल मारली, यात त्यांच्या पायांइतकाच त्यांच्या बापाच्या खिशाचा हिशेब होता. शाळेनं आपल्या खेळाडूला मान द्यायचा तो त्यानं या मैदानावर, शाळेचा गणवेश घालून जे केलं त्याबद्दल. पुढचं राज्य बघेल, देश बघेल.

आणि देश कधी कधी फार उशिरा बघतो. खाशाबा जाधवांना लंडनला १९४८ साली सहावं स्थान मिळालं. १९५२च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावकऱ्यांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पुढे १९८४ साली ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार आला तो २००० साली, मरणोत्तर. सरकारचा कागद यायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली. गावानं मात्र त्याच वर्षी बैल जुंपले होते. शाळेनं गावासारखं वागावं, असं मला वाटतं.

आपल्या खानदेशातही मोठी नावं आहेत. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत नारळाच्या बक्षिसाची कुस्ती धरणाऱ्या आपल्या पोरांना तेव्हा काय वाटलं असेल, ते आखाड्यात वाढलेला माणूसच सांगू शकेल. पण त्यांची नोंद ठेवणारे पुष्कळ आहेत. मला काळजी आहे ती ज्यांची नोंद फक्त आपणच ठेवू शकतो त्यांची.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहाचं काम बघताना ते मुलांसाठी हातानं लिहून रोज एक दैनिक काढायचे. दिवसभर शिकवून झाल्यावर, रोज, हातानं. खानदेशातला शिक्षक लिहून ठेवायला कंटाळत नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं. मी बत्तीस वर्षं शिक्षक होतो आणि एक नाव लिहायला कंटाळलो.

हल्लीच्या शिक्षकांना एक व्यवहाराचंही सांगतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावीला क्रीडागुण आहेत. प्रमाणपत्राची पडताळणी होते तेव्हा तुमची वही उपयोगाला येते. तिच्यात पूर्ण नाव लिहा, आईचं-वडिलांचं नाव लिहा, तारीख लिहा, वेळ किंवा गुण लिहा. राखीव खेळाडूचंही लिहा. वहीचा फोटो काढून ठेवा, कारण आपल्याकडे वाळवी आहे.

फलकाचे नियम समितीनं ठरवले ते थोडक्यात. शाळा सोडून दहा वर्षं झाल्याशिवाय नाव नाही. देणगीदारांचं नाव या भिंतीवर नाही, त्यांच्यासाठी वेगळी भिंत आहे. संघाला मान द्यायचा तर बाराही नावं. मला यातला शेवटचा नियम सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो कुठून आला ते तुम्हाला आता कळलं असेल.

२०२५ साली जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे, आपल्याच महाराष्ट्राची. मुलंही जिंकली. मी टीव्हीपुढे बसलो होतो. एक मुलगी खांबाजवळून आतल्या बाजूनं वळली आणि मी नकळत हातातल्या घड्याळाकडे बघितलं. बायको म्हणाली, काय शोधताय?

सालदार आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची मुलगी आज इथे आली आहे. तिसऱ्या रांगेत, निळ्या साडीत. ताई, तुम्ही अजूनही लाजता, ते दिसतंय मला. तुमच्यासह बाराजणींची नावं या कापडाखाली आहेत. ती गोळा करायला मला चार वर्षं लागली. एकजण वापीला सापडली, एक वारली होती, तिच्या भावाकडून फोटो मिळाला.

पण फलकावर वेळ कोरलेली नाही. नावापुढे जागा मोकळी ठेवायला सांगितली. ही १९९६ची वही मी सोबत आणली आहे, त्याच पानावर उघडून ठेवली आहे. पेन इथे आहे. वर या, ताई. मुलीलाही घेऊन या. मी आकडा सांगतो, तुम्ही लिहा. चार मिनिटं, वीस सेकंद.